विसर्ग

वूच शहरात, बंद सूतगिरणीच्या तळघरात
बोग्नाचं दुरुस्तीचं दुकान.
कथिल, राळ, उकडलेल्या बिटाचा डबा,
भिंतीला टेकवलेले
दात पडलेले कीबोर्ड.

मंगळवारी रेगिनाबाई आल्या.
ढकलगाडीवर, चादरीत गुंडाळलेला सिंथेसायझर,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तसा.
"चालू झाला तर पैसे देईन.
पण मला तोच आवाज हवाय,
झेनोनने पत्र्याच्या बदकासाठी केलेला."

बाहुल्यांचा सिनेमा होता, नऊ मिनिटांचा.
रीळ स्टुडिओच्या तळमजल्यावर पाण्यात गेलं.
उरला एक कागद :
छापलेली गोल बटणं, आणि पेन्सिलीने
प्रत्येकाची दिशा, घड्याळाच्या काट्यासारखी.

कपॅसिटर बदलण्यात दोन दिवस गेले.
पट्ट्यांखालून एक केसाचा आकडा निघाला.
रेगिनाबाईंनी तो न बोलता
केसांत खोचला.

मग कागद समोर.

आधी चढ : बोट टेकल्यापासून
आवाज भरात यायला लागणारा वेळ.
झेनोनचा काटा साडेसातवर, जवळजवळ शून्य.
शिंकेसारखा.
मग उतार : पहिला आवेश ओसरून
माणसांत येईपर्यंतचा. नऊवर.
मग टिकाव. हा वेळ नाही, ही उंची आहे;
बोट दाबून आहे तोवर
कुठल्या पायरीवर तग धरायचा, एवढंच.
बोग्ना हे दर शिकाऊ पोराला सांगते
आणि दर पोरगा विसरतो.
झेनोनचा टिकाव पावपट. कंजूष माणूस.

चौथं बटण :
बोट उचलल्यावर आवाजाने किती रेंगाळायचं.
मी त्याला विसर्ग म्हणते,
अक्षर संपल्यावर जो श्वास सांडतो, तो.
कागदावर नेमका तिथेच
चहाच्या कपाचा गोल डाग,
पेन्सिल विरघळलेली.

बोग्नाने बटण तीनवर नेलं.
पट्टी सोडल्यावरही आवाज
खांबांमागून, पाइपांवरून हिंडत राहिला.
"हे बदक नाही," रेगिनाबाई म्हणाल्या, "हे चर्च आहे."
बारावर आणलं.
"हे दुसऱ्याच कुणाचं तरी बदक."
दहावर त्या काहीच बोलल्या नाहीत,
तेव्हा बोग्नाला वाटलं, जमलं.
गेलेल्या नवऱ्याचा आवाज म्हणजे
मागे थोडी शेपूट हवीच,
असं तिने मनाशी धरलेलं.

पण रेगिनाबाईंनी तळवा
यंत्राच्या लाकडी बाजूवर ठेवला.
तीस वर्षं त्या ह्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर,
मागावर होत्या; बारीक आवाज
कानांतून कधीच उडालेले, हात मात्र शाबूत.
"माग थांबतो तेव्हा थांबतो," त्या म्हणाल्या.
"नंतर गुणगुणत बसत नाही.
आणि झेनोन तर फोन ठेवताना
'बरं' सुद्धा म्हणायचा नाही.
समोरचा बोलत राहायचा नुसत्या तारेशी."
त्यांना हसू आलं, मग खोकला.

बोग्नाने बटण शेवटपर्यंत डावीकडे फिरवलं.
पट्टी दाबली. सोडली.

क्वँ—
टक्.

"शून्यावर तो टक् येतो," बोग्ना घाईने म्हणाली,
"तुटल्याचा आवाज. दोष आहे तो,
केसभर वर घेतलं की जातो."
तिचा हात बटणाकडे निघाला तसा
रेगिनाबाईंनी मनगट धरलं.
मागकरणीची पकड.
"हात लावू नकोस.
ती चोच आहे. मिटलेली."

मग पुन्हा वाजवलं. पाचसहादा.
दर वेळी बदक एकच शब्द बोललं
आणि तोंड मिटून घेतलं.

पैसे मोजून दिले, सुट्टे सुद्धा.
चादरीची गाठ मारली.
निरोपाचं काहीच न बोलता त्या वळल्या.
ढकलगाडीचं एक चाक कुरकुरत
उतारावरून वर गेलं,
अंगणातल्या फरशीवर, फाटकातून बाहेर,
ट्रामच्या रुळांपर्यंत.
बोग्नाने सवयीने मोजलं :
एकोणीस सेकंद.
मग बिटाचा डबा उघडला.